घरातल्या दोन चिमण्या

सोलापूरच्या माणसापुढे चिमणी म्हटलं की त्याला पाखरू आठवत नाही, गिरणीचं धुराडं आठवतं. माझ्या तरुणपणी गावातल्या कुठल्याही माळवदावर चढलं तरी एखादी चिमणी दिसायचीच. ती धूर सोडत असली की आपल्या घरची चूल पेटणार, एवढं लोकांना कळायचं. मी ज्या गिरणीत फिटर म्हणून लागलो, तिची चिमणी विटांची होती. बुडाशी रुंद, वर निमुळती, आणि गळ्याशी चुन्याचा पांढरा पट्टा. रोज तिच्याखालून जाता-येता माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं. ही उडाली तर कशी दिसेल?

खुळाचं मूळ तसं जुनंच. संक्रांतीच्या वेळी गड्ड्याच्या जत्रेत शोभेचं दारूकाम व्हायचं. सगळं गाव माना वर करून बघायचं, आणि बाण वर गेला की "ओऽऽ" असा एकच आवाज निघायचा. मलाही तो आवाज आवडायचा, पण बाणाचं रूप मात्र कधी आवडलं नाही. काडीला बांधलेलं कागदाचं बोंडुक, त्यात बघायचं काय? आपण असा बाण करायचा की तो जमिनीवर उभा असतानासुद्धा माणसानं थांबून बघावं, असं मी ठरवलं. आणि सोलापुरात थांबून बघण्यासारखी उंच वस्तू चिमणीशिवाय दुसरी कोणती होती?

सकाळी चिमणीची सावली आवारात लांब पडायची. तिथे एक काठी रोवून मी काठीची सावली मोजली, मग चिमणीची मोजली आणि हिशेबानं उंची काढली. फुटाला एक सूत असं प्रमाण धरलं. सूत म्हणजे आम्हा फिटर लोकांचं माप, इंचाचा आठवा भाग. त्या प्रमाणात आमची चिमणी हातभर उंच निघाली. सुताच्या गठ्ठ्यांना गुंडाळलेला जाड कागद गिरणीत वाया जायचा, तो जॉबरला, म्हणजे आमच्या मुकादमाला, विचारून घरी आणला. बाणाला खाली लांब काडी लागते, नाहीतर तो हवेत कोलांट्या खातो. त्यासाठी तुराट्या होत्याच.

दारू मात्र मी घरात कधी कुटली नाही. एवढी अक्कल देवानं दिली होती. पेठेच्या टोकाला एक म्हातारे आतषबाज राहायचे. मी वळलेली आतली नळी ते भरून, वात बसवून द्यायचे. बाहेरचं चिमणीचं अंग बघून ते दाढीतल्या दाढीत हसायचे.

"मियाँ, चिमनी तो एक जागा खडी रैती. इसकू कायकू उडाते?"

"उडत नाही म्हणूनच," मी म्हणायचो.

हे सगळं मी शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खणांच्या घरात आणि त्याच्या पुढच्या अंगणात करायचो. घरात आई, मी आणि एक शेळी. वडील सांगोल्याकडचे मेंढपाळ. दुष्काळात मेंढरं गेली तशी गिरणीच्या आशेनं सोलापूरला आले, आणि मी कामाला लागल्यावर वर्षभरात गेले. त्यांच्या खांडातलं उरलेलं जनावर म्हणजे ती शेळी, म्हणून आईचा तिच्यावर फार जीव. आई बोलायला तिखट होती. माझ्या बाणांना ती "कागदाची मढी" म्हणायची. पण केर काढताना त्यांना केरसुणी लागू द्यायची नाही, हे मी पाहिलं होतं.

वडिलांनी जिवंत असतानाच एका बाजारात एका घोंगडीवाल्याला शब्द देऊन ठेवला होता. त्या शब्दाप्रमाणे वैशाखात माझं लग्न झालं. मुलगी अक्कलकोटच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. घरी घोंगड्या विणण्याचा धंदा आणि बोलणं सगळं कानडी. आईला हे स्थळ पसंत नव्हतं. मुलगी नाकीडोळी चांगली होती, कामाला वाघीण होती. पण आईचं दुखणं वेगळंच होतं.

"दिसभर घरात आमी दोघीच. बोलू कुणासंगं मी? शेळीसंगं?"

सून यायच्या आधी आई शेळीशीच बोलायची, पण ते तिला सांगणार कोण?

माझी बायको पहिले दोन महिने जवळजवळ बोललीच नाही. मराठी तिला समजायची बरीच, पण तोंडातून काढायची लाज वाटायची. आईनं शेजारणींत सांगून टाकलं की सून मुकी आहे. मी काही विचारलं की ती मान हलवायची, आणि ती मान व्हयची की न्हायची हे कळायला मला बराच काळ लागला.

तिच्या तोंडाला कुलूप होतं ते शेळीनं उघडलं. मी जोंधळ्याच्या पिठाची खळ करून कागद चिकटवायचो. एका रविवारी तीन थरांची सुरेख चिमणी वळून उन्हात वाळत ठेवली आणि हात धुवायला गेलो. परत येऊन बघतो तर शेळीच्या तोंडातून गळ्याच्या पांढऱ्या पट्ट्याचा तुकडा लोंबतोय. बाकी सगळं पोटात! मी शेळीमागे धावलो, शेळी आईमागे दडली, आई माझ्यावरच ओरडली. आणि दारातून हसण्याचा आवाज आला. माझी बायको पदर तोंडात कोंबून हसत होती आणि तो पुरत नव्हता. मी इतका चिडलो होतो की खरं म्हणजे तिच्यावरही खेकसणार होतो, पण ते हसू ऐकलं आणि शेळीचे उपकार वाटले.

त्या संध्याकाळी ती आपणहून जवळ आली आणि खळीच्या भांड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हे नको. चिंचोका."

घोंगडी विणून झाली की तिला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवी घोंगडी उभी केली तर उभी राहते. माहेरी ती हेच काम करायची. तिनं चिंचोके भाजले, भिजवले, वाटले, शिजवले. त्या खळीनं चिकटवलेला कागद वाळल्यावर लाकडासारखा टणटणीत वाजायला लागला. शेळीनं तो हुंगला आणि तोंड फिरवलं. आईनं मात्र, "आता चिंचोकंबी मढ्यालाच का?" एवढंच म्हटलं.

तेव्हापासून आम्ही दोघं मिळून चिमण्या करू लागलो. मी अंग वळायचो. ती गेरू कालवून अंग रंगवायची आणि खराट्याच्या हिराने त्यावर विटांच्या रेघा काढायची. रेघ काढताना जिभेचं टोक बाहेर. काम करता करता ती मराठी बोलायला लागली, पण ती मराठी सगळी माझ्याकडून घेतलेली. काडी, वात, नळी, पट्टा आणि चिमणी. "चिमनी वाळली क्काय?" "चिमनी वाकडी हाय की." तिच्या त्या बोलण्यावर मी फिदा होतो, हे आता सांगायला हरकत नाही. रविवारी गावाबाहेरच्या माळावर जाऊन मी एकेक चिमणी उडवून यायचो. एक जागीच फुटली, एक आडवी पळाली, एक पेटलीच नाही. घरी आलो की ती विचारायची, "उडाली?" आणि मी मान हलवायचो.

घरात उजेडाला एक कंदील होता. शिवाय स्वयंपाकाच्या खोलीतल्या कोनाड्यात रॉकेलची एक छोटी बत्ती होती, पत्र्याची, बिनकाचेची. तिलाही मराठीत चिमणीच म्हणतात. पण कंदील असल्यामुळे ती बायको आल्यापासून कधी लावलीच गेली नव्हती. आणि बायकोच्या वस्तीवर तर एरंडेलाच्या पणत्या. तेव्हा आमच्या घरात चिमणी म्हणजे काय, हे तिला एकाच अर्थानं माहीत होतं.

भाद्रपदातली गोष्ट. त्या दिवशी सकाळी कंदिलाची काच तडकली. संध्याकाळी गिरणीत एका सांच्याचं, म्हणजे मागाचं, काहीतरी मोडलं म्हणून मला थांबवून घेतलं. अंगणात तुळशीच्या कट्ट्याला टेकून एक नवी चिमणी उभी होती. दारू भरलेली, वात बसवलेली, काडी बांधलेली, पट्टा रंगवलेला. आतापर्यंतची सगळ्यांत देखणी. पुढे जे झालं ते मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं. मी ते जुळवून घेतलं आहे.

आई आत भाकरीचं पीठ मळत होती. अंधारून आलं तशी तिनं हाक दिली.

"पोरी, चिमणी लाव गं."

बायको दारात येऊन उभी राहिली. "चिमनी? लावू?"

"व्हय. दिसंना झालंय की."

बायको तरी तिथेच. "अत्ती, चिमनी लावू?" सासूला ती कानडीतलं अत्तीच म्हणायची.

"किती येळ सांगू? लाव आन हितं आत घिऊन ये!"

आता बिचारीनं काय करावं? पुढे तिनं मला सांगितलं की तिला वाटलं, भाद्रपदात संध्याकाळी बाण लावायची या घरची काही रीत असेल. नव्या सुनेनं रीतीला नाही कसं म्हणायचं? पण पेटलेला बाण घरात आणायचा, हे मात्र तिच्या बुद्धीला पटेना. म्हणून तिनं अर्धाच हुकूम पाळायचा ठरवला. चुलीतलं पेटतं लाकूड घेऊन ती अंगणात गेली, चिमणीचं तोंड भिंतीवरून वर आभाळाकडे केलं, शेळी सोडून मागे नेऊन बांधली आणि मग वात पेटवली.

चिमणी उडाली. अशी उडाली की आजवर माझी एकही उडाली नव्हती. भिंतीवरून गेली, गल्लीवरून गेली, कोपऱ्यावरच्या लिंबाच्या वर गेली आणि तिथे तिचा मोठा आवाज झाला.

दुसऱ्या कुठल्या वर्षी लोक हसले असते. पण आदल्याच वर्षीच्या उन्हाळ्यात गावात गोळीबार झाला होता. लष्करी अंमल बसला होता, रस्त्यावर बंदुकवाले फिरले होते. लोकांच्या कानांतून तो आवाज अजून गेला नव्हता. गल्लीतली दारं धडाधड लागली. वाण्यानं दुकानाच्या फळ्या लावल्या. कुणीतरी "गोळी! गोळी!" म्हणून ओरडलं. थोड्या वेळानं एक हवालदार कंदील घेऊन दारोदार विचारत आला. आमच्या दारात थांबून त्यानं नाक वर केलं.

आई पुढे झाली. "सून नवी हाय, सायेब. फोडणीत मिरच्या जाळल्या."

हवालदारानं मागे उभ्या असलेल्या, काजळीनं तोंड माखलेल्या सुनेकडे बघितलं. त्याचीही सून नवी असावी. तो गेला.

मी घरी आलो तेव्हा गल्ली चिडीचूप होती. घरात अंधार. आई उंबऱ्यावर, बायको चुलीपाशी. आईनं सगळं सांगितलं. पण त्यातूनही मी बायकोकडे वळून विचारलंच.

"सरळ गेली का वाकडी?"

तिनं हात उचलून दाखवलं. थोडी तिरपी, मग सरळ, मग वर, आणखी वर. अंधारात तिच्या बांगड्या वाजल्या.

"गाव पेटलं असतं आन ह्याला सरळ-वाकडं सुचतंय!" आई कडाडली. आणि तिथेच तिनं निकाल दिला. "दिवाळीला तिचा भाऊ न्यायला येईल, जाऊ दे. पर परत आणाया कुणी जायचं न्हाय."

मला राग आला तो असा की मी हातातला डबा आपटला. "नाव मी ठेवलं चिमणी. लाव म्हणालीस तू. तिनं दोनदा विचारलं. मग शिक्षा तिलाच का?"

आईनं उंबऱ्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "गेल्या साली त्यो गोळीबार झाला तवा तू गिरणीत हुतास. तू घरी येस्तवर मी ह्याच उंबऱ्यावर बसले हुते. परतेक आवाजाला वाटायचं, ह्यो माज्या पोराचा. आज त्यो आवाज माज्या घरातनं निघाला. ह्या पोरीला बघितलं की मला त्योच ऐकू येणार."

राग होता तिथेच राहिला आणि आईची कीवही आली. दोन्ही एकदम पोटात घेऊन मी न जेवता झोपलो. पुढच्या दिवसांत मी आईला परोपरीनं समजावलं, पण तिनं निकाल शेजारणींना सांगून टाकला होता, आणि शेजारणींना सांगितलेला शब्द आई कधी मागे घ्यायची नाही.

दिवाळी जवळ आली तसा बायकोचा भाऊ न्यायला आला. ती आईच्या पाया पडली. शेळीच्या कपाळावरून हात फिरवला. मग दारातून बाहेर पडताना ती म्हणाली, "जाते."

आपल्याकडे बाईमाणूस घरातून निघताना जाते म्हणत नाही, येते म्हणते. शेजारची म्हातारी लगेच म्हणाली, "कानडी हाय, तिला काय कळतं." पण मी स्टेशनापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेलो तेव्हा तिच्या भावानं वाटेत ओळखीच्या माणसाचा निरोप घेतला, तो "होगि बरतेनि" असं म्हणून. मी अर्थ विचारला. जाऊन येतो. म्हणजे त्यांच्यातही तीच रीत. तिला सगळं कळत होतं. गाडी सुटली आणि मी फलाटावर वेड्यासारखा उभा राहिलो.

जावयाचा पहिला दिवाळसण म्हणून सासऱ्याचं बोलावणं आलं. आई म्हणाली, "सण घिऊन ये. एकलाच ये." मी दोन चिमण्या केल्या होत्या. एक घरी ठेवली. दुसरी भाकरीच्या फडक्यात गुंडाळली, तुराटी वेगळी काखेत मारली, आणि आगगाडीत पोलीस दिसला की भाकरी मांडीवर घेऊन बसलो. अक्कलकोट रोडला उतरून पुढे बैलगाडी. वस्तीवर मान फार मिळाला. अभ्यंगस्नान झालं, पुरणपोळी झाली, सासऱ्यानं स्वतः विणलेली काळी घोंगडी अंगावर घातली. बायको मात्र पंगतीत वाढतानाही माझ्याकडे बघेना.

संध्याकाळी माळावर सगळी वस्ती जमली. जावई गिरणीची चिमणी उडवणार, ही बातमी मेंढरांपर्यंत पोचली होती. सासरे आणि मंडळी लांब उभी राहिली. काडी रोवायला, दगड लावायला म्हणून बायको माझ्याबरोबर पुढे आली. आम्ही दोघंच वाकलो होतो तेव्हा मी विचारलं.

"जाते का म्हणालीस?"

"मग काय म्हनू? आनाया येनार न्हाईत म्हनल्या की अत्ती. येते म्हनू आन खोटं पडू?"

"आता चल माझ्याबरोबर. आईला मी बघून घेतो."

तिनं दगड नीट बसवला. "तुमच्यासंगं न्हाय येत. तुमी धाडलं न्हाय. ज्यांनी धाडलं त्यांनी बोलवाया पायजे. तसंच आले तर जलमभर दारात उभी ऱ्हाईन मी, घरात न्हाय."

इतकं लांब वाक्य ती पहिल्यांदाच बोलली होती, तेही मराठीत. मी वात पेटवली, आम्ही मागे पळालो.

चिमणी सरळ वर गेली. पांढरा पट्टा शेवटपर्यंत दिसत होता. वस्तीनं "ओऽऽ" केलं, तोच गड्ड्यातला आवाज. इतकी वर्षं ज्यासाठी धडपडलो ते मी पहिल्यांदाच डोळ्यांनी पूर्ण बघितलं, आणि मला काडीचाही आनंद झाला नाही. "नोड्री, नोड्री," ती म्हणत होती, बघा बघा. मी बघत होतो आणि रडू आवरत होतो.

सण घेऊन, घोंगडी घेऊन, एकटाच परत आलो. आईनं दारात माझ्यामागे बघितलं. ये म्हणायचं नाही आणि माणूस आलं नाही म्हणून मागे बघायचं! मी हातपाय धुतले आणि भिंतीला टेकून बसलो. शेळी ओरडत होती. आई आत पीठ मळायला बसली. अंधारून आलं. कंदिलाला नवी काच बसवायची तशीच राहिली होती.

आतून आईची हाक आली. "पोरी, चिमणी लाव गं."

मी जागचा हललो नाही. जरा वेळानं आई पुन्हा म्हणाली, यावेळी मोठ्यानं, "ए पोरी, चिम..." आणि मध्येच थांबली.

मी काडेपेटी घेऊन उठलो. "मी लावतो."

"बस खाली," आई म्हणाली. "ऱ्हाऊ दे अंधार."

पीठ मळण्याचाही आवाज बंद झाला. मग आई अंधारातून म्हणाली, "दोनदा इचारलं तिनं मला. दोनदा. मी पाठ करून बसले हुते. वळून बघितलं असतं तर..." मग नाक ओढल्याचा आवाज आला. "अक्कलकोटची गाडी सकाळी किती वाजता सुटती रं?"

आई जन्मात आगगाडीत बसली नव्हती. मी सोबत येतो म्हटलं तर मला गप्प केलं. "तू धाडली न्हाईस, तू कशाला आणतोस?" म्हणजे माळावरचं बोलणं जणू तिनं ऐकलं होतं. सकाळी नवं लुगडं नेसून, शेळीला दोनदा सांगून, ती उंबऱ्यावर थांबली आणि म्हणाली, "येते."

वस्तीवर काय झालं ते बायकोनं पुढे अनेकदा सांगितलं. बैलगाडीतून आई उतरली. विहिणीनं पाणी दिलं ते घेतलं नाही. सून घोंगडीला खळ लावत बसली होती, तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बा, मगळा." ये, मुली. गाडीवानाला विचारून विचारून आईनं ते दोन शब्द वाटभर घोकले होते, आणि तरी उच्चार असा केला की वस्तीतली पोरं हसली. बायको हसली नाही. खळीच्या हातांनीच ती आईच्या गळ्यात पडली, आणि आईच्या नव्या लुगड्यावर चिंचोक्याचे दोन पंजे उठले ते कधी गेले नाहीत.

विहिणीनं आईला आठवडाभर ठेवून घेतलं. दोघी परत आल्या त्या दिवशी तुळशीचं लग्न व्हायचं होतं. पेठेत अजून अधूनमधून फटाके वाजत होते. घरी ठेवलेली दुसरी चिमणी मी सकाळीच तुळशीच्या कट्ट्यापाशी आणून ठेवली होती. का ते सांगता येणार नाही. नुसती दिसावी म्हणून असेल. मी अंगणात बसलो होतो. आई आत पीठ मळत होती, बायको पाणी भरत होती. अंधारून आलं.

"पोरी, चिमणी लाव गं."

बायकोनं घागर खाली ठेवली. दारात जाऊन उभी राहिली. चेहरा अगदी गंभीर.

"कुटली, अत्ती?"

आतला पीठ मळण्याचा आवाज थांबला. मग आईचं हसू ऐकू आलं. वडील गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं.

"दोनी लाव," आई म्हणाली. "पर भाईरची लावताना जरा थांब. गेल्या खेपंला माजी बघायची ऱ्हायली."

आणि हाताचं पीठ लुगड्याला पुसत ती बाहेर आली.